कर्ज आधीच्या भाडेकरूचं, बेल मात्र आमच्या दारावर

(या वेळी पत्रं बरीच आलीत आणि गंमत म्हणजे निम्मी एकाच विषयावर, घर आमचं पण वसुलीवाले दुसऱ्याच कुणाला शोधत येतायत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.)

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, जूनपासून फोंड्याला फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. मिस्टर कुंडईला कंपनीत आहेत, मी घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. आल्यापासून दर आठ-दहा दिवसांनी दोन मुलगे बाइकवरून येतात आणि आधीच्या भाडेकरूचं नाव घेऊन विचारतात. ते गेले म्हटलं तर विश्वास ठेवत नाहीत, जिन्यावर बसून राहतात, मोठ्याने बोलतात. मागच्या वेळी तर एक जण म्हणाला की पत्ता हाच आहे, पैसे भरा नाहीतर सामान उचलू, आणि माझ्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. तेव्हा घरात मी आणि आठ वर्षांचा मुलगा दोघंच होतो. शेजारी आता आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. घरमालकांना सांगितलं तर म्हणतात तुमचं तुम्ही बघा. चतुर्थीला गावी जायचंय पण घर बंद ठेवून जायची भीती वाटते. पाकिटं पण येतात त्यांच्या नावाची, ती मी ड्रॉवरमध्ये ठेवलीत. काय करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी ते मशीनचं बोलू कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय. तुमची मशीन कोणी उचलू शकत नाही. वसुलीला आलेल्या माणसाला कुणाच्याच घरातली साधी वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नसतो. जप्ती करतो तो कोर्टाचा बेलिफ, तीही कोर्टाने वॉरंट दिल्यावर, आणि ज्याच्या नावाने हुकूम आहे त्याच्याच वस्तूंवर. त्यातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतः कर्जदाराचेसुद्धा गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकांचा धर्मरीतीने अंगावरून न उतरवायचा दागिना आणि कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. म्हणजे उद्या कर्ज तुमचं असतं तरी पोटापाण्याच्या मशीनला हात लावायला त्यांना जड गेलं असतं, आणि इथे तर कर्ज तुमचं नाहीच. कर्ज माणसाने घेतलेलं असतं, दरवाजाने नाही.

आता मी स्वतः वीसेक वर्षं एका पतसंस्थेत वसुली बघितलेला माणूस आहे त्यामुळे पलीकडच्या बाजूचं थोडं सांगतो, म्हणजे ही पोरं परत परत का येतात ते कळेल. बँक किंवा फायनान्स कंपनी थकलेल्या खात्यांची यादी एजन्सीला देते, एजन्सी ती पोरांमध्ये वाटते. यादीत नाव, रक्कम आणि कर्ज घेताना दिलेला पत्ता असतो, बस. पोरगा येतो, बेल वाजवतो, हल्ली दाराचा फोटो काढून लोकेशन चढवतो, की व्हिजिट झाली. तुम्ही त्याला दहा वेळा सांगितलं की ते इथे राहत नाहीत तरी तो पत्ता बदलत नाही कारण पत्ता बदलणं त्याच्या हातातच नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी यादी दुसऱ्या एजन्सीकडे गेली की नवीन पोरगा त्याच जुन्या पत्त्यावर परत पहिल्यापासून सुरू. शिवाय पैसे बुडवणारे लोकही दारात हेच सांगतात ना, की तो माणूस इथे राहत नाही, मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय आणि आत पंख्याखाली तोच माणूस बसलेला असायचा. म्हणून तुमच्या तोंडी सांगण्याला किंमत शून्य. किंमत आहे ती कागदाला, आणि तो कागद पोराला द्यायचा नाही, थेट बँकेला पाठवायचा.

तर पुढच्या वेळी आले की दार पूर्ण उघडू नका, साखळी लावून किंवा ग्रिलमधूनच बोला, आवाज चढवू नका. त्याला एवढंच विचारायचं, बाब, तू कुठल्या बँकेकडून आलास, एजन्सी कुठली, आयकार्ड आणि बँकेचं अधिकारपत्र दाखव. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सांगितलंय की बँकेच्या वसुली एजंटजवळ ओळखपत्र आणि बँकेचं पत्र असलंच पाहिजे. दाखवलं तर नाव लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. नाही दाखवलं तर बोलणं तिथेच संपवायचं, कारण मग तो एजंट आहे की भुरटा चोर घर बघून चाललाय हेही आपल्याला माहीत नाही. बँकेचं नाव कळलं की तुमचं निम्मं काम झालं. (तसं ते तुमच्या ड्रॉवरमधल्या पाकिटांवरही छापलेलं असणार, बघा जरा.)

एक मात्र सांभाळा, त्यांना स्वतःच्या आधारची किंवा पॅनची झेरॉक्स देऊ नका, "फक्त आम्ही येऊन गेलो म्हणून सही करा" म्हणतील तर सही करू नका, आणि कटकट नको म्हणून पाचशे-हजार तर मुळीच देऊ नका. लोक देतात हो, खरंच देतात, आणि मग वसुलीवाल्यांना वाटतं या दारात पैसे मिळतात.

आता पत्र. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा, म्हणजे नोडल ऑफिसरचा ईमेल असतो, त्यावर साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहा की आम्ही अमुक तारखेपासून या पत्त्यावर भाड्याने राहतो, तुमचा कर्जदार अमुक याच्याशी आमचं नातं नाही, व्यवहार नाही, आम्ही जामीन नाही, तुमची माणसं अमुक अमुक तारखेला अमुक वेळेला आली, असं असं बोलली, घरात लहान मूल होतं, हा पत्ता तुमच्या रेकॉर्डमधून काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. सोबत भाडेकराराचं पहिलं आणि सह्यांचं पान जोडा, भाड्याचा आकडा झाकला तरी चालेल. ईमेलबरोबर एक प्रत स्पीड पोस्टाने टाका आणि पावती जपून ठेवा. तारखा वेळा आजपासूनच एका वहीत लिहायला लागा, ब्लाउजची मापं लिहिता ना तशीच.

वेळेचंही सांगतो. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांनासुद्धा त्रास द्यायचा नाही असं आहे. बचत गटासारख्या मायक्रोफायनान्स कर्जांना तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच मुभा. कर्जदाराच्या सख्ख्या भावालाही जिथे छळता येत नाही तिथे तुम्ही कोण, तुम्ही तर त्यांना बघितलेलंही नाही. पत्रात रिझर्व्ह बँकेच्या या नियमांचा उल्लेख करा, त्याने पत्र वाचणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवलंय.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा असं बरेच जण सांगतील. १४४४८ हा त्यांचा नंबर आहे आणि २०२१ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना मिळून एकच योजना आहे, पण ती मुळात बँकेच्या ग्राहकांसाठी आणि बँकेला लिहून ३० दिवस वाट बघून मग. तुम्ही ग्राहक नाही. म्हणून माझा भर बँकेला पत्र आणि धमकीसाठी पोलीस यावरच आहे. सामान उचलू म्हणणं, जा म्हटल्यावरही न जाता घाबरवत बसणं, यासाठी नवीन भारतीय न्याय संहितेत कलमं आहेतच, ३५१ धमकीचं आणि ३२९ आगळिकीचं म्हणजे घरात किंवा जागेत घुसून त्रास देण्याचं. परत असं बोलले तर त्याच क्षणी ११२ लावा, त्यांच्यासमोर लावा. नंतर फोंडा पोलीस स्टेशनात साधा लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का मारून घ्या. चतुर्थीला जाण्याआधी हे करून टाका, मग गणपतीवर माटोळी बांधताना डोक्यात दुसरं काही राहणार नाही. शेजाऱ्यांपैकी एका घरी भाडेकराराची तारीख दाखवून खरं काय ते सांगून ठेवा, बाकी बिल्डिंगला आपोआप कळतं, आपल्याकडे त्याला फार वेळ लागत नाही.

घरमालक हात झटकतायत त्याचं मला नवल वाटत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनात फॉर्म भरून द्यावी लागते, आणि बरेच मालक ते करत नाहीत, बहुतेक आधीच्या भाडेकरूच्या वेळी यांनीही केलेलं नसणार म्हणून आता कशातच पडायचं नाहीये. त्यांच्याशी भांडू नका, पण दोन गोष्टी गोड बोलून मागा. एक, तुमचा स्वतःचा पडताळणी फॉर्म भरलाय का आणि त्याची प्रत. दोन, आधीचे भाडेकरू अमुक महिन्यात सोडून गेले एवढं एका ओळीचं सहीचं पत्र. नाही म्हणाले तर व्हॉट्सअॅपवर सहज विचारा, "अंकल, आधीचे लोक कधी गेले हो?" आणि त्यांनी दिलेलं उत्तर डिलीट करू नका.

राहिली पाकिटं. ड्रॉवरमध्ये साठवू नका आणि उघडूही नका, साठवलीत तर बँकेच्या दृष्टीने ती पोचली. वर लिहा "हे इथे राहत नाहीत, सोडून गेले" आणि पोस्टमनला परत द्या. रजिस्टर किंवा स्पीड पोस्ट आलं तर पोस्टमनला सांगायचं की "लेफ्ट" असा शेरा मार, "रिफ्यूज्ड" नको. हा फरक बारीक आहे पण मोठा आहे, कारण घ्यायला नकार दिला असा शेरा पडला की कोर्ट बऱ्याचदा नोटीस पोचली असंच धरतं आणि मग तो पत्ता अजूनच पक्का होतो. कधी खरा बेलिफ समन्स घेऊन आला तर घाबरू नका, तो सरकारी माणूस आहे, त्याच्याशी नीट बोला, करार दाखवा आणि त्याच्या अहवालात लिहायला सांगा की सदर इसम इथे राहत नाही. दारावर काही चिकटवून गेला तर फाडू नका, फोटो काढा. आणि फ्रिज, टीव्ही, मशीन यांची बिलं एका पिशवीत घालून ठेवा, क्वचित कधी वेळ आलीच तर ही वस्तू माझी आहे असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो.

सिबिलचं तुम्ही विचारलं नाहीत पण दुसऱ्या दोघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो, एकाच पत्त्यावर राहिल्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढत नाही, ते पॅनवरून धरलं जातं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, मिस्टरांचा एकदा काढून बघा.

प्रश्न : मी डिचोलीचा, वय २२. नवीन सिम घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, तुम्ही हप्ता का भरला नाही. मी तो माणूस नाही सांगून दमलो. ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून येतात. नंबर बदलू का? तो सगळीकडे दिलाय आता.
— डिचोलीचा एक विद्यार्थी

उत्तर : अरे बाबा, ही वरच्या ताईंच्या घराचीच गोष्ट आहे, फक्त घर मोबाइल नंबरचं. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवस बाजूला ठेवते आणि मग नवीन गिऱ्हाइकाला देते, आधीचा त्यात "राहायचा" त्याचं कर्ज अजून त्या नंबरवर फिरतंय. ब्लॉक करून काही होत नाही, त्यांच्याकडे नंबर ढिगाने असतात. फोन उचल, बँकेचं नाव विचार, आणि वर ताईंना सांगितलं तसं नोडल ऑफिसरला ईमेल कर, सोबत सिम घेतल्याच्या तारखेचा पुरावा, कंपनीचा मेसेज चालेल. बँकेचं नावच सांगत नाहीत, फक्त लिंक पाठवून पैसे भर म्हणतात, तर तो बँकेचा माणूसच नसेल असं समज. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षु म्हणून सोय आहे तिथे कळव, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लाव. जुन्या माणसाचे ओटीपी आले तर हात लावू नकोस आणि कुणी गोड बोलून विचारला तरी सांगू नकोस.

आणि एक, मित्राने कर्ज घेताना तुझा नंबर "रेफरन्स" म्हणून दिला असेल तर त्याने तू देणेकरी होत नाहीस. जामीन म्हणून सही केली असशील तर मात्र गोष्ट वेगळी, जामीनदाराकडून बँक पूर्ण रक्कम मागू शकते, आधी कर्जदाराच्या मागे लागा असं म्हणता येत नाही. आपल्याकडे क्रेडिट सोसायट्यांना दोन जामीन लागतातच आणि लोक चहा पिता पिता सही करून मोकळे होतात. नंबर बदलू नकोस.

प्रश्न : म्हापशात रीसेल फ्लॅट घेतला. आता वीज खात्याची जुनी थकबाकी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि त्यावर कहर म्हणजे परवा दारावर एका बँकेची नोटीस चिकटवलेली. तुम्हीच मागे एकदा लिहिलं होतं की दुसऱ्याचं कर्ज आपण देणं लागत नाही, मग हे काय?
— एक चिडलेला वाचक

उत्तर : चिडा, पण वाचा. भाड्याने राहणाऱ्याचं आणि विकत घेणाऱ्याचं सारखं नसतं. आधीच्या मालकाचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, मोबाइलचा हप्ता, यातलं काही तुमच्याकडे येत नाही. पण काही देणी घराला चिकटून येतात. विजेचं बघा, २०२३ साली सुप्रीम कोर्टाने केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जागेची जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवीन कनेक्शन देणार नाही अशी अट नव्या मालकाला घालता येते. म्हणजे तिथे भांडून वेळ घालवू नका, आकडा तपासा, भरा आणि विकणाऱ्याकडून वसूल करा, विक्रीखतात "आजपर्यंतची सगळी देणी विकणाऱ्याची" असं वाक्य बहुतेक असतंच. पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टी आणि मेंटेनन्स यांचंही तेच, ते लोक दारात राहणाऱ्यालाच धरतात.

दारावरची नोटीस मात्र आज, म्हणजे हा अंक हातातून खाली ठेवून, वकिलाला दाखवा. ती सरफेसी कायद्याखालची असेल, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा २००२ चा कायदा. त्यात आधी ६० दिवसांची मागणी नोटीस जाते, ती गेली असेल जुन्या मालकाला आणि तो गप्प बसला, मग ताब्याची नोटीस दारावर लावतात आणि दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. याचा अर्थ फ्लॅट बँकेकडे गहाण होता आणि तो तसाच तुम्हाला विकला. ताब्याच्या कारवाईविरुद्ध डीआरटीमध्ये, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज करायला ४५ दिवस मिळतात, त्यातले काही गेलेत. विकणाऱ्यावर फसवणुकीची तक्रार वेगळी करा. मी इथे यापुढे काही सांगणं बरोबर नाही, तुमचे कागद बघितल्याशिवाय.

इतरांसाठी, म्हणजे जे आता फ्लॅट बघतायत त्यांच्यासाठी. सब-रजिस्ट्रारकडचा निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे बोजा नसल्याचा, दाखला आपण काढतो आणि निवांत होतो, पण मूळ कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण त्यात दरवेळी दिसतंच असं नाही. त्यासाठी सरसाईची, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदणीची, नोंदवही आहे, ऑनलाइन, थोडी फी भरून मालमत्तेवर शोधता येतं. आणि विकणाऱ्याकडे मूळ विक्रीखत हातात मागा, झेरॉक्स नको. "मूळ प्रत गावच्या घरी आहे" म्हणाला तर गावच्या घरी जा.

प्रश्न : आधीच्या भाडेकरूचा नवीन नंबर आणि पत्ता माझ्याकडे आहे. वसुलीवाल्यांना देऊन टाकला की आमची सुटका होईल ना?
— पेडणे

उत्तर : होईल असं वाटतं, होत नाही. तुम्ही एकदा माहिती दिलीत की तुम्ही त्यांचे "ओळखीचे" झालात आणि तो माणूस तिथून हलला की परत तुमच्याकडेच येणार. त्यापेक्षा त्या माणसालाच फोन करून सांगा की बाबा रे, तुला शोधत वसुलीची माणसं इथे येतायत, बँकेत जाऊन पत्ता बदल. मला माहीत नाही असं खोटंही बोलू नका, एवढंच म्हणा की मी सांगणार नाही, बँकेने लेखी विचारावं.

मला एकदा तुमच्याच तालुक्यात एका शेजाऱ्याने असाच पत्ता दिला होता, नाईकांचं घर, विहिरीजवळ, आंब्याच्या मागे. गेलो. वाड्यावर सगळेच नाईक आणि विहिरी तीन. एका घरात बसवलं, चहा दिला, सोबत पोळे दिले, मी हळूच थकबाकीचा विषय काढला, तर म्हातारे आजोबा आत गेले आणि पासबुक घेऊन आले. आमच्याच संस्थेचं होतं. ठेव होती त्यांची.